चवदार तळे आणि शाबितीचा बोजा

१

तत्त्व हा शब्द आपल्याकडे मोठ्या आदराने उच्चारला जातो. अमुक माणूस तत्त्वाचा आहे असे म्हटले की ऐकणाऱ्याने मान डोलवावी, असा रिवाज आहे. परंतु ज्या समाजाला तत्त्वाच्याच नावाने हजारो वर्षे पाणवठ्यापासून, शाळेपासून आणि देवळापासून दूर ठेवले गेले, त्या समाजातल्या माणसाला मान डोलवून भागत नाही. त्याला काही प्रश्न विचारावेच लागतात. हे तत्त्व कोणी सांगितले? कोणाच्या सोयीसाठी सांगितले? आणि ते लागू करायची वेळ आली म्हणजे सिद्ध कोणी करायचे, ते सांगणाऱ्याने की सोसणाऱ्याने? माझ्या मते या शेवटच्या प्रश्नाकडे आपल्या विचारवंतांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. धर्म असो, राजकारण असो की कायदा, प्रत्येक ठिकाणी तत्त्वाचे खरे काम शाबितीचा बोजा कोणाच्या डोक्यावर ठेवायचा हे ठरविण्याचे असते. एकदा तो बोजा कोणावर हे ठरले की निम्मा निकाल लागलेला असतो.

हे म्हणणे मी महाडच्या उदाहरणाने मांडू इच्छितो. महाडचा इतिहास आपल्या भाषणांत दोन तारखांत संपतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले; २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन्ही घटना युगप्रवर्तक आहेत यात वाद नाही. परंतु त्यांच्यानंतर एक दावा जवळजवळ दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत होता, आणि तो १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात संपला, याची आठवण क्वचितच केली जाते. त्या दाव्यात काय मागितले गेले आणि शेवटी काय मिळाले, हे पाहिल्याशिवाय महाड पुरते समजत नाही.

२

१९२७ या एका वर्षात एका तळ्यावर तीन तत्त्वांनी तीन वेळा हल्ला केला. त्यांचा क्रमच पुरेसा बोलका आहे.

पहिले तत्त्व धर्माचे. परिषदेच्या मंडपावर आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालवून झाल्यावर महाडच्या सनातन्यांना तळे बाटल्याची जाणीव झाली. मग १०८ घागरी पाणी बाहेर काढण्यात आले, शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण मंत्रोच्चारात तळ्यात सोडण्यात आले, आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. जनावरांनाही नव्हता. माणसाने ओंजळभर पाणी प्याल्याने ते कसे बाटले, हे कोणी सिद्ध केले नाही आणि सिद्ध करण्याची गरजही कोणाला वाटली नाही. विटाळाच्या तत्त्वाला पुरावा लागत नाही. शुद्धी केली, हाच विटाळ झाल्याचा पुरावा! धर्मशास्त्राच्या दरबारात अस्पृश्याला आरोपी म्हणूनसुद्धा उभे राहता येत नाही. कारण आरोपीला निदान आपले म्हणणे मांडता येते.

दुसरे तत्त्व राजकारणाचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टे, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे त्या गावात होती, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदवली पाहिजे. पण ठराव कागदावर राहिला. तीन वर्षे कोणी तळ्यावर गेले नाही, तोवर त्या ठरावाने कोणाचेच काही बिघडत नव्हते. लोक प्रत्यक्ष गेले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पुरी झाली त्या दिवशी, त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. बहुमताने दिले, बहुमताने काढून घेतले. येथील तत्त्व असे की माणसाचा हक्क ही सभासदांच्या हात वर करण्याची बाब आहे. ज्यांचे हात मोजले जात होते त्यांच्यात तहानलेल्यांचे हात किती होते, हा प्रश्न त्या तत्त्वात बसत नव्हता.

तिसरे तत्त्व कायद्याचे, आणि ते सर्वांत सभ्य वेषात आले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात काही स्पृश्य हिंदूंनी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी यांच्यावर दावा लावला. हे तळे केवळ स्पृश्यांच्या वापराचे आहे, अस्पृश्यांना तेथे जाण्याचा हक्क नाही असे जाहीर करावे आणि त्यांना कायमची मनाई करावी, अशी मागणी होती. आधार कशाचा? अनादी वहिवाटीचा. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ तारखेला दुसऱ्या परिषदेसाठी लोक महाडात जमले तेव्हा तो हुकूम आडवा उभा होता. त्या रात्री मनुस्मृती जाळता आली; परंतु कोर्टाचा हुकूम मोडून तळ्यावर जायचे की नाही, हा पेच उरलाच. बाबासाहेबांनी विचारांती सत्याग्रह तहकूब केला आणि लोकांनी २७ तारखेला तळ्याला शांतपणे वळसा घातला. कित्येकांना तेव्हा ते रुचले नाही. परंतु बाबासाहेबांनी एक गोष्ट ओळखली होती असे मला वाटते. धर्म आणि बहुमत या दोन दरबारांत आपल्या विरोधकांना काहीच शाबीत करावे लागत नव्हते. कोर्टात मात्र दावा त्यांनी लावला होता. तेव्हा शाबितीचा बोजाही त्यांच्यावर होता.

३

वहिवाटीच्या या तत्त्वाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. मनुस्मृती धर्माची प्रमाणे सांगताना श्रुती आणि स्मृती यांच्या जोडीला सदाचार बसविते. सदाचार म्हणजे काय, तर एका विशिष्ट प्रदेशात वर्णांमध्ये परंपरेने चालत आलेला आचार. म्हणजे परंपरेने चालत आले म्हणून ते चांगले, आणि चांगले म्हणून ते पुढे चालवायचे. या वर्तुळाला बाहेर पडायला दार नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत जो भेद केला तो येथे आठवावा. तत्त्व माणसाला विचार करायला लावते, नियम त्याला केवळ पाळायला सांगतो, आणि हिंदू लोक ज्याला धर्म म्हणतात तो नियमांचाच ढीग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

इंग्रज आले तेव्हा हा ढीग वाहून जाईल, अशी कोणाची कल्पना असेल तर ती व्यर्थ होती. एलफिन्स्टनच्या काळातील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने दिवाणी कोर्टांनी कोणता कायदा पाहावा याचा क्रम ठरवून दिला. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशने. ती नसतील तर मुलखाची वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा कायदा. आणि यांपैकी काहीच नसेल तर मग न्याय, समबुद्धी आणि सद्सद्विवेक. पंगतीत न्यायाला सर्वांत शेवटचे पान मिळाले! पुढे १८६८ साली मदुरेच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकले की हिंदू कायद्याच्या पद्धतीत स्पष्ट शाबीत झालेली वहिवाट लिखित वचनापेक्षाही वरचढ ठरते. आपल्या सुधारकांनी शास्त्राचा अर्थ बदलण्यासाठी केवढा घाम गाळला! एखादे अनुकूल वचन सापडले की त्यांना धन्य वाटे. पण कोर्टात वचनाच्या डोक्यावर वहिवाट बसलेली होती.

इंग्लंडातील कायद्यात 'अनादी' याला तारीख आहे. ११८९ साली पहिला रिचर्ड गादीवर आला, त्यापूर्वीचे ते अनादी. हिंदुस्थानातील कोर्टांनी ती तारीख जशीच्या तशी लागू केली नाही. तरी वहिवाट प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी असली पाहिजे, ही कसोटी त्यांनी घेतली. या चार शब्दांपैकी 'वाजवी' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे पुढे काय झाले ते महाडच्या निकालात दिसते.

४

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी तात्पुरता मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या सबजज्जाने दावा काढून टाकला. वादी ठाण्याला अपिलात गेले. तेथे ३० जानेवारी १९३३ रोजी असिस्टंट जज्जाने तोच निकाल कायम केला. मग वादी हायकोर्टात आले. न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांच्यापुढे अपिलाची सुनावणी झाली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच न्यायाधीश. १७ मार्च १९३७ रोजी त्यांनी अपील फेटाळले. चवदार तळे अस्पृश्यांना कायद्याने खुले झाले.

विजय मोठा होता. पण तो कोणत्या तत्त्वावर मिळाला? निकालाचा गाभा एवढाच की वादींना अनादी वहिवाट शाबीत करता आली नाही. अस्पृश्य तळ्यावर येत नव्हते हे खरे असेल. परंतु ते फार पूर्वीपासून हक्काने वगळले गेले होते, असा पुरावा पुढे आला नाही. आणि यापुढे जाऊन न्यायाधीशांनी जे नमूद केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वादींना वहिवाट शाबीत करता आली असती, तर ती गैरवाजवी किंवा लोकहिताच्या विरुद्ध आहे काय, या प्रश्नाचा कदाचित विचार करावा लागला असता. तळे नगरपालिकेच्या मालकीचे झाल्याचा परिणामही पाहावा लागला असता. परंतु आता ते प्रश्न उपस्थित होत नाहीत, असा त्याचा मतितार्थ आहे. म्हणजे माणसाला माणूस म्हणून पाणी नाकारणे वाजवी की गैरवाजवी, हा प्रश्न दहा वर्षे तीन कोर्टांतून फिरला आणि अखेर न उघडताच परत ठेवला गेला. वादींच्या हाती आणखी शंभर वर्षांपूर्वीचा एखादा कागद लागता तर? तर आपल्या तहानेचा निकाल त्या कागदाने लावला असता की काय, हे त्या निकालावरून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. याच निकालात देवळाच्या प्रकरणांचा वेगळा विचार केला आहे. देवळांच्या बाबतीत दीर्घकाळ चालत आलेला आणि इतर जातींनी मुकाट्याने मान्य केलेला प्रघात असेल, तर देऊळ वरिष्ठ जातींसाठीच अर्पण झाले होते असे गृहीत धरता येईल, आणि आपणही त्या देवळाचे हक्कदार आहोत हे दाखविण्याची जबाबदारी अस्पृश्यांवर येईल. तळ्याच्या बाबतीत मात्र तसे गृहीत धरता येत नाही, अशी ती विचारसरणी. तिला आधार होता. १९०८ साली प्रिव्ही कौन्सिलने तामिळ मुलखातील कमुदीच्या देवळाच्या खटल्यात नाडारांना बाहेर ठेवणारी वहिवाट मान्य केली होती. त्याच्याही आधी, १८८३ साली, मुंबई हायकोर्टाने गाभाऱ्यात पूजा करण्याचा चित्पावनांचा खास हक्क पळशे ब्राह्मणांविरुद्ध दिवाणी हक्क म्हणून ग्राह्य धरला होता. ब्राह्मणाला ब्राह्मणाविरुद्ध जे तत्त्व लावले गेले ते अस्पृश्याला किती जोराने लागेल!

तेव्हा हिशेब असा होतो. तळ्यापाशी बोजा सवर्णांवर होता, म्हणून ते हरले. देवळापाशी बोजा आपल्यावर होता. माणसे तीच, विटाळ तोच. बोजा बदलला की निकाल बदलतो. नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी २ मार्च १९३० पासून जो सत्याग्रह झाला, त्याच्यापुढे बडव्यांची आणि पोलिसांची भिंत होती हे आपण जाणतो. त्या भिंतीमागे कायद्याच्या तत्त्वाचीही एक भिंत होती.

५

या दृष्टीने राज्यघटना वाचली म्हणजे तिच्यातील काही कलमे महाडच्या मातीतून उगवलेली दिसतात. १५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जगातील घटनांत विहिरी आणि तलाव कशाला येतील? येथे ते यावे लागले. १३ व्या कलमात 'कायदा' या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेली रूढी आणि वहिवाटही घातली आहे, आणि मूलभूत हक्काशी विसंगत असेल तेवढा असा कायदा रद्दबातल ठरविला आहे. १९३७ साली न्यायाधीशांनी जो प्रश्न उघडला नाही तो येथे कायमचा निकालात निघाला. यापुढे वहिवाट किती जुनी हे विचारायचे कारण उरले नाही. ती कितीही जुनी असो, हक्काच्या आड आली की गेली. आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली.

१९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, आणखी एक पाऊल टाकले. त्याच्या १२ व्या कलमानुसार या कायद्याखालचे गुन्ह्याचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या संबंधात घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडले असे कोर्टाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. देवळाच्या खटल्यांतील गृहीतक येथे उलटे झाले. शतकानुशतके आपल्या डोक्यावर असलेले ओझे कायद्याने प्रथमच दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले. आपल्या सभांतून या कलमाचा उल्लेख मी फारसा ऐकलेला नाही. तो व्हावयास हवा.

६

परंतु तत्त्वे सहजासहजी मरत नाहीत. ती नाव बदलून राहतात. २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की या देशात धर्माची व्याप्ती जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे आयुष्य व्यापणारी आहे. म्हणून धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मूलतः धार्मिक असलेले विधी यांपुरतीच मर्यादित केली पाहिजे. धर्माचे कुंपण आत सरकवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयात धर्माच्या अत्यावश्यक भागाचे तत्त्व रुजले आणि अमुक प्रथा धर्माला अत्यावश्यक आहे की नाही हे कोर्ट ठरवू लागले. १९५८ साली मुल्कीच्या व्यंकटरमण देवळाच्या खटल्यात कोर्टाने देऊळ सर्वांना खुले केले; पण देवळात कोणी यावे ही आगमांप्रमाणे धर्माचीच बाब आहे, हे मान्य करून काही विधी गौड सारस्वतांपुरते राखून ठेवले.

१९६६ सालचा स्वामीनारायण पंथाचा निकाल तर पुरोगामी म्हणून गाजला. दलितांना देवळात यावे लागू नये म्हणून सत्संगींनी आपण हिंदूच नाही असा पवित्रा घेतला होता. न्या. गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला आणि सत्संगींची भीती अज्ञान, अंधश्रद्धा आणि खुद्द आपल्या धर्माविषयीच्या गैरसमजातून आलेली आहे, असे त्यांना सुनावले. निकाल आपल्या बाजूचा आहे. तरी माझा प्रश्न उरतो. हिंदू धर्माची खरी शिकवण उदार आहे म्हणून देऊळ खुले, की ती उदार असो नसो, घटना सांगते म्हणून खुले? पहिल्या उत्तरात आपला हक्क धर्माच्या चांगुलपणावर अवलंबून राहतो, आणि धर्माची शिकवण उद्या दुसरा न्यायाधीश वेगळी वाचू शकतो. दुसऱ्या उत्तरात धर्माला काय वाटते हा प्रश्नच उरत नाही. बाबासाहेबांचे उत्तर दुसरे होते. २०१८ च्या शबरीमलाच्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी स्त्रियांच्या बंदीचा विचार १७ व्या कलमाच्या प्रकाशात केला, तेव्हा त्या उत्तराकडे एक पाऊल पडले. पण २०१९ मध्ये पुनर्विचाराच्या अर्जांवर त्यातले मोठे प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे गेले.

आणि शाबितीचा बोजा? तो पुन्हा आपल्याकडे कसा परततो हे भंडारा जिल्ह्याने दाखविले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने आरोपींना खुनासाठी दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानेही हे कृत्य सूडाचे मानले, जातीचे नव्हे. १९८९ च्या त्या कायद्यातील शब्दयोजनाच अशी होती की गंभीर गुन्हा मृत व्यक्तीच्या जातीच्या कारणावरून घडला, हे शाबीत करावे लागे. मारणाऱ्याच्या मनातील जात मेलेल्याच्या बाजूने सिद्ध करायची! २०१५ च्या दुरुस्तीपूर्वीच्या सुमारास त्या शब्दयोजनेवर टीका होत राहिली, आणि त्या दुरुस्तीने 'कारणावरून'च्या जागी, ती व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरविले. आरोपीची पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असे गृहीत धरण्याची तरतूदही घातली. एका शब्दाच्या बदलासाठी किती माणसे जावी लागली, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नाही.

म्हणून माझे आपल्या तरुण लेखकांना आणि कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. निकालपत्रे ही वकिलांची मिरासदारी आहे असे समजू नका. आत्मकथनाइतकीच तीही आपल्या इतिहासाची साधने आहेत. त्यांत आपल्या माणसांची नावे प्रतिवादी म्हणून, फिर्यादी म्हणून, कधी मयत म्हणून आलेली आहेत. ती वाचा, मराठीत आणा. आणि कोणीही उठून एखादे तत्त्व पुढे केले, ते परंपरेचे असो, गुणवत्तेचे असो, बहुमताचे असो वा राष्ट्राच्या ऐक्याचे असो, तर ते तत्त्व उदात्त आहे की नाही या वादात पहिल्यांदा शिरू नका. त्यात शाबीत कोणी करायचे आहे, एवढे आधी विचारा. महाडच्या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते, आणि वादींना तीन कोर्टांत मिळून जे शाबीत करता आले नाही ते आजही कोणाला शाबीत करता आलेले नाही.